मुलाखत घेऊन ढोरांचा डॉक्टर निवडता येतो?

मंडळी, आमच्या गोतावळ्यात सध्या एका कल्पनेला फार भाव आलाय. पशुवैद्यकीय कॉलेजात प्रवेश देताना मुलाखत घ्या. नीटच्या मार्कांवरून काय कळतं? पोरगं गायीजवळ उभं राहतं का बघा, जनावराची कणव आहे का विचारा, मग सीट द्या. असं म्हणणाऱ्यांत माझे सख्खे मामा आहेत, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत (ब्लॉग वाचतात, नमस्कार काका!) आणि इंग्लंडात स्थायिक झालेला एक चुलतभाऊ आहे. तिघांचाही मान राखून सांगतो, कल्पना वाईट आहे. अव्यवहार्य वगैरे नाही, वाईट.

आधी त्यांचं जे खरं आहे ते देऊन टाकतो. नीट म्हणजे ७२० मार्कांचा पेपर. भौतिक, रसायन, जीवशास्त्र. त्यात जनावराला हात लावायची पाळी कुठेच येत नाही. एमबीबीएस हुकलं म्हणून पशुवैद्यकाकडे वळलेली पोरं वर्गात असतात, आणि पुढच्या फेरीत मेडिकलचं नाव लागलं की बॅग उचलून जातात. हे सगळं मान्य. पण आजार खरा आहे म्हणून कुठलंही औषध पाजायचं का?

माझी भाची गांधीबागेतली. बाप साड्यांच्या होलसेल दुकानात कामाला, घर दोन खोल्यांचं. तिनं यंदा पशुवैद्यक हीच पहिली पसंती धरली आहे, मेडिकलचा फॉर्मसुद्धा भरायचा नाही म्हणते. (घरात यावरून काय झालं ते ताई सांगेल, मी सांगत नाही.) आता हिला मुलाखतीला बसवा. "घरी जनावरं किती?" शून्य. "धार काढता येते?" नाही. हातगाड्या आणि कापडाच्या गाठींमधून वाट काढणाऱ्या मोकाट गायी, रस्त्यावरची कुत्री आणि तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, एवढंच तिचं पशुधन. काकांच्या मंडळानं तिला दोन मिनिटांत घरी पाठवलं असतं.

बरं, मग खेड्यातल्या मुलीला तरी फायदा होईल? आरमोरीकडची, शेळ्यांमागे वाढलेली एखादी पोरगी डोळ्यांसमोर आणा. फऱ्या काय, घटसर्प काय, तिला पुस्तकाआधी ठाऊक असतं. पण टेबलापलीकडे सुटातले तीन साहेब बसले आणि एकानं इंग्रजीत विचारलं की तुला पशुवैद्यक का व्हायचंय, की तिची बोबडी वळणार. आणि शहरातला चुणचुणीत मुलगा, ज्याच्या घरी एक लॅब्रॅडॉर आहे, तो "लहानपणापासून मला प्राण्यांबद्दल पॅशन आहे" असं छान सांगून निघून जाणार. सीट त्याची. शिवाय मुलींना हमखास येणारा प्रश्न वेगळाच: लग्नानंतर खेड्यात राहशील का, बैल आवरेल का? मुलांना कोणी विचारतं हे?

मी स्वतः एका कॉलेजात प्रवेशासाठी अशा मुलाखतीला बसलोय. नाव सांगत नाही. पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा वडिलांच्या धंद्याचा, तिसरा "गांधीबागेत म्हणजे नेमकं कुठे?" चौथा आलाच नाही.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. श्रीनगरच्या प्रादेशिक इंजिनिअरिंग कॉलेजात १९७९ साली लेखी परीक्षेला १०० आणि तोंडीला ५० गुण होते. तोंडी परीक्षा उमेदवारामागे दोन-तीन मिनिटं चालायची आणि प्रश्न यायचे आईवडिलांबद्दल नि राहण्याच्या ठिकाणाबद्दल. लेखीत वर असलेली पोरं खाली गेली, खालची वर आली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. अजय हसिया खटला, निकाल नोव्हेंबर १९८०, सरन्यायाधीश आपले यशवंतराव चंद्रचूड, निकालपत्र न्या. भगवतींचं. कोर्ट म्हणालं, तोंडीला एकतृतीयांश वजन हा निव्वळ मनमानीपणा आहे, १५ टक्क्यांच्या वर जाऊ नका, आणि जमल्यास मुलाखत टेप करून ठेवा. टेप करा! देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला प्राध्यापकांच्या खोलीत टेपरेकॉर्डर ठेवावासा वाटला, यावरून काय ते समजा. तरी जे प्रवेश झाले होते ते रद्द झाले नाहीत, मध्ये फार काळ गेला होता. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारनं खालच्या पदांच्या नोकऱ्यांतल्या मुलाखती बंद केल्या, त्याचंही कारण हेच, वशिला.

आता चुलतभाऊ. त्याचं म्हणणं, लंडनचं रॉयल व्हेटर्नरी कॉलेज १७९१ सालचं, तिथे मुलाखत घेतात, ते काय वेडे आहेत? नाहीत बाबा. पण विलायतेत बऱ्याच ठिकाणी एका मंडळासमोर न बसवता उमेदवाराला छोट्या छोट्या अनेक मुलाखतींमधून फिरवतात. प्रत्येक जागी वेगळा परीक्षक, वेगळा प्रसंग, वेगळे गुण. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं आणली, तीच मुळी एका माणसाच्या लहरीवर निकाल जाऊ नये म्हणून. तेवढी माणसं, तेवढे दिवस, तेवढं प्रशिक्षण आपल्याकडे कोण देणार? आणि जनावरांजवळ काम केल्याचा अनुभव मागितलात, तर त्याचा दाखला इथे झेरॉक्सच्या दुकानात मिळायला लागेल.

आणि त्याच इंग्लंडातली एक गोष्टही त्यानं वाचावी. अ‍ॅलीन कस्ट ही आयर्लंडची मुलगी एडिंबरात पशुवैद्यक शिकली. १८९७ साली रॉयल कॉलेजनं तिला परीक्षेलाच बसू दिलं नाही, बाई म्हणून. पेपरनं तिला नापास केलं नव्हतं, टेबलाभोवती बसलेल्या सद्गृहस्थांनी केलं होतं. तिला अधिकृत मान्यता मिळाली १९२२ साली, कायदा बदलल्यावर. मधल्या काळात बरीच वर्षं बाई आयर्लंडात जनावरं तपासतच होती.

मामा म्हणतील, तुझी ती परीक्षा तरी कुठे सोवळी आहे, २०२४ ला पेपर फुटलाच ना? फुटला. ६७ जणांना पैकीच्या पैकी पडले आणि देशभर बोंब झाली. पण बोंब झाली कारण आकडे कागदावर होते, कोणीही बघू शकत होतं. मुलाखत फुटली तर कोणाला कळणार? तिथे फुटायला पेपरच नसतो.

कणव ही काही घरून आणायची वस्तू नाही, निदान सतराव्या वर्षी मोजून दाखवायची तर नाहीच नाही. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. गाभण गाय तपासायला खांद्यापर्यंत हात घालणं तिथेच शिकवतात. पहिल्यांदा घालताना खेड्यातल्याचाही हात थरथरतो, हे काकांनीच मला कधीतरी सांगितलंय. ;-)

मग बॅग उचलून जाणाऱ्यांचं काय? त्याला साधा उपाय आहे. एमबीबीएसच्या फेऱ्या संपेपर्यंत पशुवैद्यकाची पहिली यादी लावूच नका. ज्यांना जायचं ते आधीच गेलेले असतील, उरतील ते राहणारे. वर्ग उशिरा सुरू होतील हे खरं, पण वर्गातली खुर्ची साडेपाच वर्षं रिकामी राहण्यापेक्षा ते परवडलं. आणि पहिल्याच सत्रात प्रत्येकाला महिनाभर पहाटे गोठ्यावर पाठवा, शेण काढायला. ज्याला झेपणार नाही तो स्वतःच सांगेल, त्यासाठी सुटातल्या तीन साहेबांची गरज नाही.

काका, कॉमेंटमध्ये भांडायला या. ताई, पोरीला हे वाचायला दे, पण आधी तिचा रसायनाचा धडा होऊ दे.