चौथऱ्यावरच्या विमानाला रंग मारण्याआधी

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ नं हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३ पासून, म्हणजे तब्बल बासष्ट वर्षं हे विमान सेवेत होतं. त्या आठवड्यात आपल्या सगळ्यांच्या फोनवर त्याचे फोटो आणि रील्स फिरले. पुढे काय होणार, त्याचाही अंदाज बांधता येतो. काही विमानं संग्रहालयात जातील, काही एखाद्या संस्थेच्या दारात नाहीतर शहरातल्या चौकात चौथऱ्यावर चढतील. चार पावसाळे गेले की रंग उडेल. मग टेंडर निघेल, आणि जवळच्या दुकानात मिळेल तो हिरवा-निळा ऑइलपेंट मारून विमान चकाचक होईल. आमचं म्हणणं एवढंच आहे, की तो ब्रश लागण्याआधी खालचा रंग मोजा आणि लिहून ठेवा.

रंगात काय एवढं, असं वाटेल. पण १:७२ मापाचं विमानाचं किट जोडणाऱ्या कुणालाही विचारा. पंख-शेपटी दोन संध्याकाळींत चिकटतात, रंग कोणता द्यायचा यावर मात्र महिने जातात. बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटतो (घरच्यांना तर वाटतोच). तरी आपल्याकडे विमानांच्या रंगांचा अभ्यास ज्यांनी केलाय, त्यात पदवीवाल्या इतिहासकारांपेक्षा ही हौशी मंडळी आणि चित्रकारच जास्त असतील.

दुसऱ्या महायुद्धानंतरचे ब्रिटिश आणि अमेरिकी रंग शोधणं तुलनेनं सोपं आहे. ब्रिटिशांचं बीएस ३८१सी नावाचं प्रमाण शेड कार्ड आहे. त्यात डार्क ग्रीन ६४१ आणि डार्क सी ग्रे ६३८. आपली हंटर विमानं १९५७ पासून आली ती याच ब्रिटिश पद्धतीच्या हिरव्या-करड्या पट्ट्यांत. लोंगेवालाला १९७१ मध्ये रणगाडे टिपणारी हंटर हीच. विक्रांतवरच्या सी हॉकचा वरचा रंग एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, क्रमांक ६४०. अमेरिकेनं १९५६ मध्ये फेडरल स्टँडर्ड ५९५ काढलं. त्यात प्रत्येक रंगाला पाच आकडे. पहिला आकडा चकाकी सांगतो : १ चकचकीत, २ मध्यम, ३ मॅट. दुसरा रंगाचं घराणं : ० तपकिरी, ४ हिरवा, ६ करडा. व्हिएतनाममधल्या अमेरिकी विमानांवर ३४०७९ आणि ३४१०२ हे दोन हिरवे, ३०२१९ हा मातकट आणि पोटाला ३६६२२ हा फिका करडा असायचा. एकदा हे वाचता आलं, की आकडा बघूनच डोळ्यासमोर रंग येतो.

आपल्या मिग-२१ चं तसं नाही. इथे शेड कार्डाचा उपयोग संपतो.

ही विमानं आली ती चंदेरी, उघड्या धातूच्या रंगात. मिग-२१ एफएल तर आपल्या नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात परवान्यावर बनू लागलं. चंदेरी विमान आकाशात देखणं दिसतं, पण धावपट्टीशेजारी उभं असलं की उन्हात चमकतं. ६ सप्टेंबर १९६५ ला पठाणकोटच्या तळावर पाकिस्तानी हल्ला झाला तेव्हा आपली विमानं जमिनीवर उभ्या-उभ्या जळाली, त्यात मिग-२१ सुद्धा होती. १९७१ च्या युद्धातल्या फोटोंत बघाल तर बऱ्याच मिग-२१ वर घाईघाईनं हिरवे पट्टे आणि डाग मारलेले दिसतात. सगळ्यांवर एकच नमुना नाही. एकाच जातीची विमानं, पण रंगकाम वेगवेगळं. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला करणारी विमानंही मिग-२१ होती. पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरनं त्याच दिवशी राजीनामा दिला. इतक्या मोठ्या घटनेतल्या विमानाचा हिरवा नक्की कुठला, हे सांगायला पाच आकडी क्रमांक नाही. जो डबा हाताशी होता, तो वापरला गेला.

मग पुरावा उरतो कुठे? पहिला, फोटोंत. पण त्या काळातले बहुतेक फोटो कृष्णधवल. त्यात मध्यम हिरवा आणि मध्यम तपकिरी एकसारखेच करडे दिसतात. रंगीत फोटो सापडलाच, तर फिल्म जुनी होऊन लालसर झालेली असते, आणि स्कॅन करणारा आपल्या आवडीनं आणखी उजळ करतो. फोनच्या पडद्यावर कलर पिकर लावून काढलेला आकडा म्हणूनच पुरावा म्हणून चालत नाही. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे नक्कल. एक चित्रकार अंदाजानं रंग भरतो, किट बनवणारी कंपनी ते चित्र बघून डब्याचा नंबर छापते, कुणीतरी ते किट रंगवून बक्षीस मिळवतं आणि पुढचा चित्रकार त्या मॉडेलचा फोटो संदर्भ म्हणून वापरतो. चार जागी सारखा दिसणारा रंग मुळात एकाच माणसाचा अंदाज असतो.

दुसरा पुरावा खुद्द विमान. मोठ्या दुरुस्तीत जुना रंग खरवडून काढतात हे खरं, तरी चाकांच्या खोबणीत, झाकणांच्या कडांना, एखाद्या पट्टीच्या मागे तो शिल्लक राहू शकतो. तो बघायची रीत साधी आहे. रुपयाएवढी जागा बारीक पॉलिशपेपरनं उतरत्या खळग्यासारखी घासायची, की झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे सगळे थर एकाबाहेर एक उघडे पडतात. त्यावर रंगमापक यंत्र टेकवून आकडे घ्यायचे. शेड जुळवणारं तसलं यंत्र आता मोठ्या रंगाच्या दुकानांतही असतं. शेजारी प्रमाणित कलर कार्ड धरून, दिवसाउजेडी फोटो काढायचा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, कारण दोन रंग उन्हात सारखे आणि ट्यूबलाइटखाली वेगळे दिसू शकतात. अर्थात हे सगळं विमान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी, किंवा त्यांच्या परवानगीनं करायचं. कुणी पॉलिशपेपर खिशात घालून चौकातल्या चौथऱ्यावर चढू नये!

खर्च म्हणाल तर रंगकामाच्या बिलापुढे किरकोळ. वेळ अर्धा दिवस. टेंडरमध्ये एक ओळ घातली की पुरे : नवीन रंग देण्यापूर्वी जुन्या थरांची नोंद व फोटो सादर करावेत. गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉकपासून सुपर कॉन्स्टेलेशनपर्यंत विमानं समुद्रकाठी उघड्यावर उभी आहेत. खाऱ्या हवेत त्यांना जगवायचं तर रंग द्यावाच लागणार. रंग देण्याला आमचा विरोध नाहीच. पण सी हॉकचा क्रमांक निदान कार्डात सापडतो. १९७१ च्या मिगचा एकदा घासून टाकला, की पुन्हा कुठूनही आणता येणार नाही.

राहता राहिली माणसं. १९७१ मध्ये आपल्या वयाचे, म्हणजे बाविशीचे असलेले तळावरचे कर्मचारी आज पंच्याहत्तरी ओलांडून गेलेत. महाराष्ट्रात माजी सैनिकांची गावंच्या गावं आहेत, आणि आपल्यापैकी कुणाचे तरी आजोबा हवाई दलात असतीलच. त्यांना ‘हिरवा कसा होता?’ असं विचारू नका, पन्नास वर्षांनी रंगाची आठवण कुणाचीच धड राहत नाही. हातांनी केलेलं काम मात्र लक्षात राहतं. म्हणून विचारा, रंग डब्यात आला की पिंपात? ब्रशनं मारला की स्प्रेनं? पातळ करायला काय घातलं? पट्ट्यांची रेघ कुणी आखली, खडूनं की नुसती नजरेनं? आणि उरलेल्या रंगाचं काय केलं? एखाद्या जुन्या ट्रंकेला तो लागला असेल, तर ती ट्रंक आधी बघायला मागा.