चिठ्ठीवरील नांव आणि बाटलींतील विष

मूल तापानें फणफणलें म्हणजे गृहिणी बाटलीवरील चिठ्ठी वाचून निःशंकपणें औषध पाजते. हा विश्वास किती प्राणांच्या मोलानें मिळाला आहे!

अमेरिकेंत रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली यांच्या खटपटीनें १९०६ सालीं शुद्ध अन्न व औषधांचा कायदा झाला. परंतु विक्रीपूर्वीं औषध निर्धोक ठरविण्याचें बंधन त्यांत नव्हतें. १९३७ सालीं एका कंपनीनें सल्फानिलमाइड हें औषध डायएथिलीन ग्लायकोल या विषारी द्रवांत विरघळवून, रास्पबेरीचा स्वाद देऊन विकलें. १०० हून अधिक माणसें दगावलीं. त्यांत पुष्कळशीं मुलें होतीं. तेथील अन्न व औषध प्रशासनानें बाटल्या जप्त केल्या, त्या केवळ नांवाच्या आधारें! ‘एलिक्झिर’ म्हणजे मद्यार्कयुक्त औषध, आणि यांत मद्यार्क नव्हता. कायद्याच्या दृष्टीनें नांव खोटें हाच गुन्हा. विष घातलें हा नव्हे. १९३८ सालीं नवा कायदा होऊन ‘आधीं निर्धोकपणाची सिद्धता, मग विक्री’ असा नियम झाला.

तरीहि १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत हेंच विष भेसळयुक्त ग्लिसरीनमधून पोटांत जाऊन १४ रोगी दगावले. बाटलींतील विष आईला ओळखतां येत नाहीं. तिच्या वतीनें तें ओळखणें हेंच अशा खात्याचें काम. तेथें झालेली हयगय घराघरांत भोगावी लागते.