नेम शिकवणं सोपं आहे हो!

"मुलांना बंदूक चालवायला शिकवावी का?" पुण्या-मुंबईत असं कुणी विचारलं तर आपलं उत्तर तयार असतं: "वेडबिड लागलंय का?" यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव-पांढरकवड्याकडे मात्र प्रश्न एवढा सोपा राहत नाही. रोही आणि रानडुकरं रात्रीतून पीक साफ करतात, शेतकरी जागलीला जातो, आणि वाघही काही फार लांब नसतो.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ टी-१ वाघीण, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी झालेली 'अवनी', मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूला तिला जबाबदार धरलं होतं. आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न करा, नाहीच जमलं तर गोळी, असा आदेश होता. काम सोपवलं होतं हैदराबादचे शिकारी शफाअत अली खान यांच्यावर. गोळी झाडली त्यांच्या मुलाने, असगर यांनी. वाघीण अंगावर आली म्हणून झाडली, असं त्यांचं म्हणणं.

आता गंमत बघा. नेम चुकला, असं कुणीच म्हणालं नाही. वाद झाला तो बाकी सगळ्यावर. पशुवैद्यक सोबत का नव्हता? डार्ट खरंच आधी मारला होता का? नेमणूक वडिलांची, मग मुलाने गोळी झाडायची का? कोण खरं, कोण खोटं यात मी पडत नाही. पण बापाने मुलाला द्यायचं शिक्षण नेमापाशी संपत नाही, हे यातून दिसतं.

म्हणून माझं मत असं: शिकवा, पण रेंजवर शिकवा. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तरी पहिला धडा त्याचा नसतोच. नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर, हुकूम झाल्याशिवाय गोळी भरायची नाही, आणि 'थांबा' म्हटलं की थांबायचं. बारा वर्षांच्या पोराला आयुष्यात एवढं स्पष्ट 'थांबा' दुसरीकडे कुठे ऐकायला मिळतं? कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन आला, तोही अशाच शिस्तीतून.

आणि आजोबांची भिंतीवरची बारा बोअर? ती नातवाला कौतुकाने हातात द्यायची वस्तू नव्हे. आपल्याकडे परवान्याचं वय एकवीस आहे, ते उगाच नाही. आजोबांनी नातवाला एवढंच दाखवावं की बंदूक कुलपात असते, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली कुणालाच सापडत नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले चूक झाली की 'रोलबॅक' मारतो. सुटलेल्या गोळीला ती सोय नाही. ज्या पोराला हे कळलं, त्याला नेम खुशाल शिकवा. ज्याला नाही कळलं, त्याच्या हातात छर्‍याची बंदूकसुद्धा नको.