लाल ठिपक्यांचा हिशेब

कापडाच्या धंद्यात माल कुठे गेला आणि पैसा कुठे अडकला, या दोन प्रश्नांवर पेढी चालते. दोन्ही प्रश्नांत ‘कुठे’ हा शब्द आहे. तरीही आमचे व्यापारी बांधव वही नावाप्रमाणे लावतात, गावाप्रमाणे नाही. आता संगणकावर उधारीचा नकाशा काढणे सोपे झाले आहे आणि काही तरुण मंडळी तो काढूही लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. पण नुसत्या नकाशावर धंदा करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

समजा, एका ठोक व्यापाऱ्याने थकलेली बिले पिनकोडप्रमाणे लावली आणि प्रत्येक बिलाचा एक लाल ठिपका नकाशावर टाकला. भिवंडीवर दहा ठिपके पडले, मालेगाववर चार. तो लगेच म्हणणार, भिवंडीचे गिऱ्हाईक बुडवे. अहो, पण भिवंडीत त्याची शंभर गिऱ्हाइके आहेत आणि मालेगावात वीस! भागाकार केला तर पारडे उलटते. बरे, वीसांत चार थकले म्हणून मालेगाव वाईट म्हणावे, तर इतक्या थोड्या गिऱ्हाइकांत एवढा फरक योगायोगानेही पडतो. डोळ्याला हे दिसत नाही. ते आकडेशास्त्रच सांगते.

या कामाची दोन्ही अवजारे फुकट आहेत. क्यूजीआयएस हा नकाशाचा प्रोग्राम गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केला. आर ही आकडेशास्त्राची संगणकभाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात घडवली. दोन्हींची आतली रचना कोणालाही पाहता येते. क्यूजीआयएसला एक प्लगिन जोडले, की आरमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट नकाशाच्याच खिडकीतून चालते. जाणकाराने ती एकदा लिहावी, मुनीमजींनी दरमहा नवी बिले घालून चालवावी. शेजारशेजारचे भाग खरोखर एकसारखे वागतात का, हे मोजणारे मोरान यांचे १९५० सालचे माप आरमध्ये तयार मिळते. एक खबरदारी मात्र हवी. अंतर मोजायचे तर नकाशा अक्षांश-रेखांशाच्या अंशांत ठेवू नये, मीटरमध्ये आणावा. नाहीतर सगळे गणित फसते.

आम्ही स्क्रिप्टवर एवढा भर देतो, याचे कारण वेगळे आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नोंद आहे की काही बँकांनी ‘नकारात्मक भौगोलिक क्षेत्रे’ ठरवली होती आणि तिथे कर्ज सहजासहजी मिळत नसे. म्हणजे माणूस वेळेवर हप्ता फेडणारा असो वा नसो, त्याचा मोहल्ला लाल! भागाची सरासरी माणसाच्या माथी मारणे, ही आकडेशास्त्रात नाव असलेली जुनी गफलत आहे. शिवाय हद्द बदलली की रंग बदलतो. तीच बिले वॉर्डाप्रमाणे लावा आणि मग पिनकोडप्रमाणे लावा, दोन वेगळे नकाशे मिळतील. नकाशा पाहून माणूस गप्प होतो. स्क्रिप्ट मात्र हिशेबाच्या वहीसारखी असते. कोणती हद्द घेतली, भागाकारात खाली कोणता आकडा ठेवला, किती नोंदी गाळल्या, सारे ओळीओळीने वाचता येते. कर्ज नाकारणारा नकाशा पुढे करील, तेव्हा हीच वही मागावी. ती वाचणारा आपल्यातला कुणी हवा.

आणि हाच न्याय आम्हालाही लागू आहे. छोट्या यंत्रमागधारकाला सूत उधार देताना आम्ही तरी काय करतो? ‘त्या गल्लीतले सगळे तसेच’ म्हणून मोकळे होतो. हा आमच्या डोक्यातला नकाशा आहे, आणि त्याची तर स्क्रिप्टही नाही.

सुरुवात करायची तर बाजारातल्या पाच-सहा पेढ्यांनी मिळून एखादा होतकरू बी.एस्सी. मुलगा नेमावा. त्याला बिलाची तारीख, रक्कम, पैसे आल्याची तारीख आणि पिनकोड एवढेच द्यावे. गिऱ्हाइकांची नावे देऊ नयेत. एका पेढीची उधारी दुसऱ्या पेढीला कळण्याचे काही कारण नाही. नापास झालेल्या बिलांइतकीच वेळेवर चुकती झालेली बिलेही त्याच्या हाती ठेवावीत. भागाकार त्यांच्यावाचून होत नाही.