हिरवी रेघ आणि आपला काळोख

जानेवारीतली गोष्ट. सत्तरीतल्या एका सड्यावर आम्ही पंधरा-वीस जण आकाशदर्शनाला जमलो होतो. मित्राने खिशातून पेनाएवढा हिरवा लेसर काढला, बटण दाबले आणि एक बारीक हिरवी रेघ थेट रोहिणीला जाऊन टेकली. पोरे हरखली. खरे सांगायचे तर आम्ही मोठेही हरखलो.

आठवड्याने तोच लेसर त्याने आमच्या इमारतीच्या गच्चीवर लावला. रेघ जेमतेम दिसली. शेजारचे काका म्हणाले, "हा कमजोर आहे हो. जास्त पॉवरचा मागवा."

माझे मत नेमके उलटे आहे. लेसर कमजोर नव्हता, आपला काळोख कमजोर झाला आहे.

मी कला शाखेचा माणूस. पण मित्राने समजावले ते मला पटले. डोळ्यासमोरून आडवा जाणारा प्रकाश आपल्याला दिसतच नाही. हवेतले रेणू, धूळ, धुक्याचे कण त्यातला थोडासा प्रकाश आपल्याकडे उडवतात, तेवढाच दिसतो. हिरव्या लेसरची तरंगलांबी साधारण ५३२ नॅनोमीटर, लाल लेसरची बहुधा ६५० च्या आसपास. हवेचे रेणू या हिरव्याला लालपेक्षा दुपटीहून अधिक विखुरतात. त्यात आपला डोळाही हिरव्याचा पक्षपाती. उजेडात तो हिरव्याला लालच्या सुमारे आठपट दाद देतो आणि काळोखाला सरावला की हा फरक आणखी कितीतरी वाढतो. म्हणून ५ मिलिवॅट, म्हणजे वॅटचा दोनशेवा भाग, एवढ्या ताकदीची रेघही आकाशात उठून दिसते.

ती ताऱ्याला टेकते हा मात्र भास. कोकण रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे वाटतात ना, तसाच. लेसर धरणाऱ्याच्या खांद्याशी उभे राहिले तर रेघ ठळक दिसते, कारण किरणाचा लांबच लांब पट्टा नजरेच्या एकाच दिशेत येतो. दहा पावले बाजूला सरका, ती फिकी होते, पण बोट त्याच ताऱ्याकडे दाखवते!

मग जास्त पॉवरचा का नको? एक तर, ताकद दुप्पट केली म्हणून रेघ डोळ्याला दुप्पट ठळक दिसत नाही. दुसरे, डोळ्याला होणारी इजा मात्र खरी असते. पुष्कळशा हिरव्या लेसरमध्ये आधी अदृश्य अवरक्त किरण तयार होतात आणि त्यांचे हिरव्यात रूपांतर होते. स्वस्त मालात गाळणी नसेल तर ते अवरक्त किरणही बाहेर पडतात आणि आपल्याला कळतही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१३ साली जाहीर केलेल्या तपासणीत १२२ लेसरपैकी जे हिरवे होते, त्यातले जवळजवळ ९० टक्के सुरक्षेच्या नियमांत बसले नाहीत. तेव्हा वेष्टनावरच्या आकड्यावर किती विसंबायचे?

शिवाय आपला गोवा केवढासा! दाबोळी होताच, जानेवारी २०२३ पासून मोपाही सुरू झाला. उतरत्या विमानाच्या काचेवर हा किरण पडला की प्रकाश पसरतो आणि वैमानिकाचे डोळे ऐन वेळी दिपतात. आपल्या हौसेची ही किंमत कुणी मोजायची?

उपाय साधा आहे. दिवे मालवा. डोळ्यांना काळोखाची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, तेवढा धीर धरा. वहीत बघायला लाल कागद लावलेली बॅटरी घ्या. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळा. सड्यावर पुरणारा लेसर तेवढ्याने पुन्हा पुरतो.

आपल्याला हे नवीन नाही. देवळात दिवजांच्या रात्री सुवासिनी हातात दिवज घेऊन प्रदक्षिणेला निघतात. मातीच्या दिव्यातल्या पाच वाती त्या, पण काळोखात सगळे आवार उजळल्यासारखे वाटते. त्याच आवारात आज हायमास्ट लावले, तर तेल तेच, वाती त्याच, पण दिवज दिसणार नाही. तेव्हा वाती वाढवायच्या, की हायमास्ट तासभर बंद करायचा?

गच्चीवर मी काकांना एवढेच म्हटले, "काका, आधी जिन्यातला दिवा मालवूया." त्यांनी मालवला. शहराच्या उजेडापुढे रेघ फारशी वाढली नाही. पण थोड्या वेळाने तेच म्हणाले, "अरे, त्या कृत्तिका ना?"