खेळ बंद झाला, ओढ सुटली का?

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. खेळ चालविणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे; खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. कायद्याने त्यास अपराधी न मानता पीडित मानले. हीच दृष्टी आपल्या कुटुंबांतही यावयास हवी.

जुगाराची अनिवार ओढ हा आजार असल्याचे जागतिक आरोग्य संघटना मानते. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही (परिच्छेद २४१३) ही आसक्ती माणसाला गुलाम करू शकते, असा इशारा देतो. मोबाइलवरील खेळ थांबला तरी मटका आणि क्रिकेटवरील सट्टा संपलेला नाही.

अशा वेळी आई दागिने मोडते, भाऊ गुपचूप कर्ज फेडतो. हेतू मायेचा असतो. परंतु परिणामांची झळ न लागल्याने नव्या डावाला वाट मोकळी होते. खरा आधार निराळा आहे. सारी देणी घरच्यांसमोर कागदावर यावीत. त्याच्या संमतीने काही काळ पगार व बँकेचे व्यवहार विश्वासू माणसाने सांभाळावेत. हप्ते मात्र त्याने स्वतःच्या कमाईतून फेडावेत.

तो पुन्हा घसरला तर टोमणे मारू नयेत. लज्जेपोटी माणूस पुन्हा लपवू लागतो. निराशेने जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाल्यास क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांना गाठावे. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

कायदा खेळ बंद करू शकतो. माणसाला परत आणणे घरच्यांच्या व शेजाऱ्यांच्या हाती आहे.