कळांची मांडणी

दौलताबादच्या किल्ल्यांतील अंधारी शत्रूनें चांचपडावें म्हणून खोदली; व्हिडिओ-खेळाच्या पेटीवरील कळा मात्र न पाहतां बोटांस सांपडल्या पाहिजेत. येथें आमच्या घरीं अशी पेटी करतांना चिरंजीवांनीं सहाहि कळा एका रांगेंत योजिल्या. १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर टू’ची रीत वेगळी : डावीकडे दांडा, उजवीकडे तीन-तीन कळांच्या दोन ओळी, वर ठोसे, खालीं लाथा. त्याप्रमाणें पुठ्ठ्यावर पंजा ठेवून, बोटांच्या बांकानुसार ३० मिलिमीटर व्यासाचीं भोंकें आंखलीं. तोंच आमची डावखुरी पुतणी हिरमुसून म्हणाली, “आणि माझा हात?” तेव्हां दांडा मध्यें घेऊन कळा दोहों बाजूंस दिल्या. फळीस भोंक पाडण्यापूर्वीं घरांतील प्रत्येक हात पुठ्ठ्यावर ठेवून पाहावा, इतकेंच वाचकांस सुचवितों.